इंग्रजी मातृभाषा नसलेल्या तांत्रिक कर्मचाऱ्यांना शैलीपुस्तिकेचा उपयोग होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, पण ज्यांना कामाचा भाग म्हणून इंग्रजीत सूचना, अहवाल, रीडमी, एरर मेसेज किंवा देखभालीच्या पायऱ्या लिहाव्या लागतात, अशा अभियंत्यांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. त्यांचे लेखन तपासणाऱ्यांनी आणि संस्थेसाठी शैलीपुस्तिका तयार करणाऱ्यांनीही ती वाचावीत, कारण पुस्तिकेचे यशापयश बरेचसे त्यांच्याच हाती असते.

शैलीपुस्तिका म्हणजे नेमके काय? ती व्याकरणाच्या पुस्तकाहून वेगळी कशी?

वाक्य शुद्ध आहे की अशुद्ध, हे व्याकरण सांगते. चार शुद्ध पर्यायांपैकी आपल्या संस्थेत कोणता वापरायचा, हे शैलीपुस्तिका सांगते. 'डिलीट', 'रिमूव्ह' आणि 'इरेज' हे तिन्ही शब्द इंग्रजीत बरोबरच आहेत. पण एकाच उत्पादनाच्या माहितीपत्रकात ते आलटूनपालटून आले, तर या तीन वेगळ्या क्रिया आहेत की एकच, हा प्रश्न वाचकाला पडतो. असे प्रश्न एकदाच सोडवून त्यांची उत्तरे लिहून ठेवणे, हे या पुस्तिकेचे काम आहे. ती भाषा शिकवत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये.

मग भाषा न शिकवणारी पुस्तिका परभाषेत लिहिणाऱ्याच्या काय उपयोगाची?

तिचा उपयोग होतो, आणि माझ्या मते इंग्रजी मातृभाषा असलेल्यांपेक्षा त्याला तो अधिक होतो. मात्र त्याचे कारण 'इंग्रजी सुधारते' हे नव्हे.

परक्या भाषेत लिहिणारा माणूस दर दोन वाक्यांनी थांबतो. यातले काही थांबे आवश्यक असतात: काय सांगायचे, कोणती पायरी आधी घ्यायची, कोणता धोका नोंदवायचा, हा विचार प्रत्येक लेखकाला करावा लागतो. उरलेले थांबे मात्र निव्वळ भाषेचे असतात. इथे कोणते शब्दयोगी (प्रिपोझिशन) वापरायचे, हे नाम अनेकवचनी होते का, ही सूचना उद्धट तर वाटणार नाही ना, असे प्रश्न ज्याला लहानपणापासून इंग्रजी कानावर पडलेली आहे त्याच्यासमोर उभेच राहत नाहीत. त्याचा कान उत्तर देऊन मोकळा होतो. ज्याला तो कान नाही, तो शब्दकोश उघडतो, जुन्या दस्तऐवजातले एखादे वाक्य उचलतो किंवा शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो, आणि या धावपळीत मूळ तांत्रिक विचाराचा धागा सुटतो. पुस्तिकेत उत्तर आधीच लिहिलेले असेल, तर हे थांबे कमी होतात आणि वाचलेले लक्ष मजकुराच्या अचूकतेकडे जाते.

दुसरा फायदा माणसांच्या नात्याचा आहे, आणि तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. लिखित नियम नसतात तेव्हा तपासणीत 'हे वाक्य ऑकवर्ड वाटते' असा शेरा येतो. का वाटते, ते शेरा देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि लिहिणाऱ्याला वाद घालण्यासाठी कोणताही आधार उरत नाही. त्याने दहा वर्षे त्या यंत्रणेवर काम केलेले असते, तरी त्या क्षणी तो विद्यार्थी होतो. नियम लिहिलेले असतील, तर दोघेही त्या नियमासमोर सारखे असतात.

सगळेच नियम सारखे उपयोगी पडतात का?

नाही, आणि बहुतेक पुस्तिका इथेच चुकतात. नियम दोन जातींचे असतात. काही डोळ्यांनी तपासता येतात, तर काहींना कान लागतो.

'सूचनेच्या एका वाक्यात एकच कृती सांगावी' हा डोळ्यांचा नियम आहे. वाक्यातली क्रियापदे मोजली की तो पाळला की नाही ते कळते. 'अट आधी, कृती नंतर' हाही तसाच. 'लॉगइन' हे नाम जोडून आणि 'लॉग इन' हे क्रियापद तोडून लिहावे, हाही तसाच. याउलट 'वाक्य मोठ्याने वाचून पाहा. ते सहज वाटले पाहिजे', 'ओळखीच्या माणसाशी बोलल्यासारखे लिहा', 'बोजड शब्द टाळा' हे सल्ले चुकीचे नसले, तरी ज्याचा कान इंग्रजीत घडला आहे त्याच्याच उपयोगाचे आहेत. ज्याला एखादे वाक्य सहज वाटते की नाही हेच ठरवता येत नाही, त्याला असा नियम देणे म्हणजे ज्या गोष्टीची उणीव आहे तीच वापरायला सांगणे होय. उलट 'बोलल्यासारखे लिहा' हे वाचून तो वाक्प्रचार आणि सलगीचे शब्द घालू लागतो, आणि मजकूर आधीपेक्षा अवघड होतो.

म्हणून पुस्तिकेतील प्रत्येक नियमाला एक कसोटी लावावी: इंग्रजी मध्यम येणाऱ्या माणसाला, कोणालाही न विचारता, आपण हा नियम पाळला की नाही हे ठरवता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर तो नियम तरी बदलावा किंवा त्याखाली 'असे लिहू नका, असे लिहा' अशी चार-पाच उदाहरणे द्यावीत. 'बोजड शब्द टाळा' याऐवजी 'युटिलाइज' नको, 'यूज' वापरा. 'कमेन्स' नको, 'स्टार्ट' वापरा. 'टर्मिनेट' फक्त प्रोसेसबद्दल, एरवी 'स्टॉप', अशी यादी दिली की काम होते.

असा प्रयोग आधी कुठे झाला आहे का?

सर्वांत ठळक उदाहरण विमानांच्या देखभालीचे आहे. विमान एका देशात बनते आणि त्याची देखभाल जगभरच्या तंत्रज्ञांकडे असते. त्यांच्यापैकी अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते, पण देखभाल पुस्तिका मात्र इंग्रजीतच असतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातील विमान कंपन्यांच्या संघटनेने उत्पादकांकडे या पुस्तिकांची वाचनीयता तपासण्याची मागणी केली, आणि त्यातून १९८६ मध्ये 'सिम्प्लिफाइड इंग्लिश'ची मार्गदर्शिका तयार झाली. २००५ पासून ती 'एएसडी-एसटीई१००' या नावाने ओळखली जाते.

तिच्यात लेखनाचे नियम आणि सुमारे ९०० मान्य शब्दांचा कोश असे दोन भाग आहेत. सूचनेचे वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचे आणि वर्णनाचे २५ शब्दांचे असावे. एका परिच्छेदात सहापेक्षा जास्त वाक्ये नसावीत. तीनपेक्षा जास्त नामे एकापुढे एक रचू नयेत. मान्य शब्दाला शक्यतो एकच अर्थ आणि एकच व्याकरणिक भूमिका दिलेली असते. 'क्लोज' म्हणजे बंद करणे. 'जवळ' या अर्थाने तो शब्द वापरायचा नाही. 'फॉलो' म्हणजे मागोमाग येणे. 'सूचना पाळणे' या अर्थाने तो चालत नाही. सुरू करण्यासाठी 'बिगिन', 'कमेन्स', 'इनिशिएट' असे पर्याय बाजूला ठेवून 'स्टार्ट' हा एकच शब्द ठेवला आहे. प्रत्येक उद्योगाचे स्वतःचे तांत्रिक शब्द मात्र या ९०० शब्दांच्या बाहेरचे असले, तरी ठरलेल्या पद्धतीने वापरता येतात.

ही व्यवस्था मुख्यतः वाचणाऱ्यासाठी उभी राहिली, लिहिणाऱ्यासाठी नव्हे. तरीही तिच्याकडे पाहिले की जाणवते, ते हे की तिच्यातले जवळजवळ सगळे नियम मोजता येतात. शब्द मोजा, वाक्ये मोजा, कोशात पाहा. वाचणाऱ्याचा गोंधळ टाळण्यासाठी घातलेली बंधने लिहिणाऱ्याच्याही मदतीला येतात, कारण निवडायचे पर्यायच कमी झालेले असतात.

मग आपल्या कार्यालयात हीच प्रणाली जशीच्या तशी लागू करावी का?

बहुधा नको. ती नीट वापरायला प्रशिक्षण लागते, आणि ती जिथे चुकीच्या वाचनातून अपघात होऊ शकतो अशा कामासाठी घडवली आहे. रचनेच्या पर्यायांची चर्चा करणारे टिपण किंवा ग्राहकाला पाठवायचे पत्र २० शब्दांच्या चौकटीत कोंबले, तर युक्तिवादाचे दुवे तुटतात. मात्र तिच्यातून पाच-सहा नियम उचलता येतात: एका वाक्यात एक सूचना, एका अर्थाला एक शब्द, लांबीची मर्यादा, नामांच्या रांगेवर मर्यादा आणि शक्य तिथे कर्तरी प्रयोग.

यातला नामांच्या रांगेचा नियम मला विशेष मोलाचा वाटतो. 'सर्व्हर बॅकअप फेल्युअर नोटिफिकेशन सेटिंग्ज' असा शब्दसमूह लिहिणाऱ्याला सोपा जातो, कारण त्यात शब्दयोगी आणि आर्टिकल ('ए', 'ॲन', 'द') दोन्ही टळतात. पण वाचणाऱ्याला कोणते नाम कोणाला जोडायचे ते उलट्या क्रमाने उलगडत बसावे लागते.

मायक्रोसॉफ्ट आणि गूगलच्या पुस्तिका खुल्या आहेत. त्याच का वापरू नयेत?

वापराव्यात, पण आधार म्हणून. गूगलने विकासकांच्या दस्तऐवजांसाठीची आपली पुस्तिका २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली केली, आणि मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आपल्या जुन्या छापील पुस्तिकेच्या जागी संकेतस्थळावरील नवी आणली. दोन्हींत जगभरच्या वाचकांसाठी कसे लिहावे यावर स्वतंत्र भाग आहे आणि तो आवर्जून वाचण्यासारखा आहे. दोन्हींतला शब्दकोशासारखा भाग तर फारच उपयोगी आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. या पुस्तिका मोठ्या आहेत, आणि कामाच्या मध्यात कोणी शेकडो नोंदी चाळत नाही. शिवाय दोन्ही पुस्तिका संभाषणासारखा, आपुलकीचा सूर सुचवतात, आणि वर म्हटल्याप्रमाणे सूर हा कानाचा विषय आहे. त्यामुळे 'जे आमच्या पानांत नाही, त्यासाठी अमुक पुस्तिका पाहावी' एवढे एक वाक्य लिहून आपली स्वतःची छोटी पुस्तिका करावी, हे मला योग्य वाटते.

ती किती छोटी असावी?

पहिला भाग एका बैठकीत वाचून होईल इतका, म्हणजे चार-पाच पानांचा असावा. शब्दांची यादी कितीही लांब चालेल, कारण ती वाचायची नसते, शोधायची असते.

शब्दांच्या यादीत नेमके काय असावे?

ही यादी म्हणजे पुस्तिकेचा सर्वांत कामाचा भाग आहे. तिच्यात आपल्या उत्पादनातील प्रत्येक घटकाचे एकच मान्य नाव असावे आणि त्याची टाळायची नावेही द्यावीत. ज्यांचे अनेकवचन होत नाही अशी नामे एकत्र असावीत: 'सॉफ्टवेअर', 'हार्डवेअर', 'इक्विपमेंट', 'फीडबॅक', 'इन्फर्मेशन'. तांत्रिक लेखनात अशी जेमतेम पंधरा-वीस नामे वारंवार लागतात. ती एकदा समोर आली की वर्षानुवर्षे होणारी चूक थांबते.

क्रियापद आणि शब्दयोगी यांच्या तयार जोड्याही द्याव्यात, कारण त्या तर्काने काढता येत नाहीत. 'डिपेंड' पुढे 'ऑन', 'कनेक्ट' पुढे 'टू', प्रोग्राम सर्व्हर'वर' चालतो तेव्हा 'ऑन', माहिती डेटाबेस'मध्ये' साठते तेव्हा 'इन', अशा चाळीसेक जोड्यांत रोजचे बरेच काम भागते.

दोन अर्थांचे शब्द वेगळे नोंदवावेत. 'सिन्स' म्हणजे 'पासून' आणि 'कारण'. 'वन्स' म्हणजे 'एकदा' आणि 'झाल्यावर'. 'मे' म्हणजे परवानगी आणि शक्यता. 'बायवीकली' आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, यावर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही एकमत नसते. 'रिव्हर्ट' हा शब्द तर काही देशांतील इंग्रजीत 'उत्तर पाठवणे' या अर्थाने रुळला आहे, पण कोडच्या संदर्भात त्याचा अर्थ 'केलेला बदल मागे घेणे' असा होतो. 'प्लीज रिव्हर्ट' एवढेच लिहिलेला संदेश वाचून कोणी खरोखर बदल मागे घेतला, तर दोष कोणाला द्यायचा? अशा शब्दांसमोर 'फक्त या अर्थाने वापरा' असे स्पष्ट लिहावे.

'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांबद्दल इतका आग्रह का?

कारण इथे चूक झाली तर मजकूर शुद्ध दिसतो आणि अर्थ मात्र बदललेला असतो. 'द फाइल शुड बी इन द फोल्डर' हे वाक्य घ्या. फाइल तिथे ठेवणे वाचकाचे कर्तव्य आहे, की ती आधीच तिथे असेल असा लेखकाचा अंदाज आहे? दोन्ही अर्थ निघतात, आणि व्याकरण तपासणारे कोणतेही साधन इथे हरकत घेणार नाही.

इंटरनेटच्या तांत्रिक मानकांत हा प्रश्न मार्च १९९७ मध्ये 'आरएफसी २११९' या दस्तऐवजाने सोडवला. 'मस्ट' म्हणजे अनिवार्य; 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर आणि परिणाम पूर्ण समजून घेतले असतील तरच टाळता येईल असे; 'मे' म्हणजे पूर्णतः ऐच्छिक. पुढे २०१७ मध्ये 'आरएफसी ८१७४' ने स्पष्ट केले, की हे शब्द कॅपिटल अक्षरांत असतील तेव्हाच हा विशेष अर्थ लागू होतो. कार्यालयीन पुस्तिकेला इतके काटेकोर होण्याची गरज नाही. 'शुड' अजिबात वापरू नका, बंधन असेल तर 'मस्ट' आणि शिफारस असेल तर 'वुई रेकमेंड' लिहा, एवढा नियम पुरतो.

तारखा आणि आकडे हाही शैलीचा भाग आहे का?

आहे. '०३/०४/२०२५' ही तारीख एका देशात ३ एप्रिल तर दुसऱ्या देशात ४ मार्च असते. 'आयएसओ ८६०१' या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला की शंका राहत नाही. जर्मनीत '१.५००' म्हणजे दीड हजार, हेही लक्षात ठेवून दशांशाचे चिन्ह ठरवून टाकावे.

'ए', 'ॲन' आणि 'द' यांच्या चुका पुस्तिकेने थांबतात का?

फारशा नाही, आणि तसे वचन कोणत्याही पुस्तिकेने देऊ नये. मराठी, रशियन, चिनी, जपानी अशा अनेक भाषांत इंग्रजीसारखी आर्टिकल नाहीत. त्यामुळे या भाषांतून आलेल्या लेखकाला केवळ नियमच नव्हे, तर तो भेदच नव्याने पाहायला शिकावे लागते. त्याला वर्षे लागतात, आणि उत्तम लिहिणाऱ्यांच्या मजकुरातही ही चूक शेवटपर्यंत अधूनमधून राहते.

दिलासा असा, की तांत्रिक मजकुरात चुकलेल्या आर्टिकलमुळे अर्थ क्वचितच बिघडतो. म्हणून तपासणाऱ्याने ते स्वतः दुरुस्त करावे आणि पुढे जावे. त्यासाठी मजकूर परत पाठवू नये, शेरा लिहू नये. याउलट 'ऑल सर्व्हर्स आर नॉट रीचेबल' या वाक्यात एकही आर्टिकल चुकलेले नाही, पण एकही सर्व्हर पोहोचण्याजोगा नाही की केवळ काही सर्व्हर बंद आहेत, हे कळत नाही. सगळी कडक तपासणी अशा वाक्यांसाठी राखून ठेवावी.

तपासणाऱ्याने पुस्तिका कशी वापरावी?

शेऱ्यांचे तीन प्रकार मानावेत आणि प्रत्येक शेऱ्यावर त्याचा प्रकार लिहावा. पहिला, 'अर्थ कळला नाही किंवा दोन अर्थ निघतात'. हा शेरा नेहमी ग्राह्य. दुसरा, 'नियम मोडला आहे'. इथे नियमाचा क्रमांक द्यावा. तिसरा, 'मी असे लिहिले असते'; हा पूर्णपणे ऐच्छिक, लेखकाने दुर्लक्ष केले तरी चालेल. ही एवढी शिस्त आली की शेऱ्यांची संख्या झपाट्याने घटते, कारण तिसऱ्या प्रकारचे किती शेरे आपण आजवर पहिल्या प्रकारचे म्हणून देत होतो, हे तपासणाऱ्याच्या स्वतःच्याच लक्षात येते.

तोच तिसऱ्या प्रकारचा शेरा वारंवार द्यावासा वाटला, तर त्याचा नियम करण्याचा प्रस्ताव मांडावा. तो मान्य झाला तर सगळ्यांना लागू, इंग्रजी मातृभाषा असलेल्या सहकाऱ्यांनाही. किंबहुना वाक्प्रचार, 'पुट अप विथ' सारखी अनेकपदी क्रियापदे आणि खेळांतून आलेल्या उपमा टाळण्याचा नियम प्रामुख्याने त्यांच्यासाठीच असतो.

व्याकरण तपासणारी साधने आणि एआय असताना पुस्तिकेची गरज उरते का?

उरते, आणि पूर्वीपेक्षा अधिक. एआयची भाषा-प्रारूपे परकी वाक्यरचना क्षणात गुळगुळीत करतात, आणि ज्याला आर्टिकलने छळले आहे त्याच्यासाठी हे मोठे वरदान आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वाक्य गुळगुळीत करताना 'मे' चे 'विल' होते, ठरलेल्या नावाच्या जागी त्याचा समानार्थी शब्द येतो, 'बहुधा मेमरी अपुरी पडली असावी' यातले 'बहुधा' गळते. नवे वाक्य इतके सफाईदार असते की ज्याचा कान पक्का नाही त्याला त्यावर शंका घेण्याचे धाडस होत नाही. त्याच्या हातात नियमांची यादी असेल, तर तो साधनाने दिलेला मजकूरही तिच्याशी ताडून पाहू शकतो, आणि यादी साधनाला आधीच देऊही शकतो. गोपनीय मजकूर बाहेरच्या सेवेत टाकण्याबाबतचा संस्थेचा नियमही याच पुस्तिकेत असावा.

डोळ्यांचे नियम तर संगणकालाही तपासता येतात. 'व्हेल' सारखे मुक्त-स्रोत साधन आपली शब्दयादी आणि वाक्यलांबीची मर्यादा घेऊन मजकूर कोडसारखाच तपासते. माणसाने दाखवलेली चूक मनाला लागते, यंत्राने दाखवलेली लागत नाही; म्हणूनही शक्य तेवढे नियम यंत्राकडे सोपवावेत.

पुस्तिका असूनही लेखन का सुधारत नाही?

बहुतेकदा अडचण वाक्याची नसून मांडणीची असते. बिघाडाच्या अहवालात कारण तिसऱ्या पानावर आले, तर प्रत्येक वाक्य निर्दोष असूनही अहवाल निकामी ठरतो. यासाठी नियमांपेक्षा साचे उपयोगी पडतात: काय घडले, कोणावर परिणाम झाला, कधीपासून कधीपर्यंत, कारण काय, काय केले, काय बाकी आहे. त्याबरोबर खऱ्या कामातून निवडलेले, चांगले उतरलेले दोन अहवाल जोडावेत. परभाषेत लिहिणारा माणूस नमुन्यावरून फार लवकर शिकतो, आणि नमुन्याची वाक्यरचना उचलण्याची उघड परवानगी पुस्तिकेने द्यावी.

पुस्तिका कोणी लिहावी, आणि सुरुवात कुठून करावी?

लिहिणाऱ्यांत इंग्रजी मातृभाषा नसलेला निदान एक तरी अभियंता असावाच. कोणता नियम कानावर विसंबतो हे त्यालाच आधी कळते. सुरुवातीला कोरा कागद घेऊ नये. गेल्या काही महिन्यांत तपासणीत आलेले भाषेसंबंधीचे सगळे शेरे एकत्र करावेत, सारखे शेरे एकाखाली एक लावावेत आणि जे तीनपेक्षा जास्त वेळा आले आहेत त्यांचेच नियम लिहावेत. प्रत्येक नियमाखाली त्याच शेऱ्यातले मूळ वाक्य आणि त्याचे सुधारलेले रूप, लेखकाचे नाव वगळून, ठेवावे. तीन महिन्यांनी पुन्हा तसेच शेरे गोळा करावेत; एखाद्या नियमाचा शेरा तितक्याच वेळा आला असेल, तर लेखकांना बोल लावण्याआधी त्या नियमाची भाषा बदलून पाहावी.